कॉम्बॅट की गनस्मोक: पुन्हा बघायला आधी कोणती लावायची?

रात्री जेवणं आटपल्यावर तासभर हाताशी असतो आणि जुनं काहीतरी बघायची हुक्की आलेली असते. अशा वेळी दुसऱ्या महायुद्धावरची 'कॉम्बॅट' लावावी की काउबॉयच्या काळातली वेस्टर्न 'गनस्मोक', या दोन जुन्या अमेरिकी टीव्ही मालिकांमधला हा पेच माझ्याकडे दर वर्षी पावसाळ्यात येतो.

आधी आकडे, कारण ते ऐकूनच काहीजण गळतात. गनस्मोक १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं चालली आणि भाग झाले ६३५. रोज एक बघितला तरी पावणेदोन वर्षं जातील. कॉम्बॅट १९६२ ते १९६७, भाग १५२, म्हणजे पाच महिन्यांत उरकते. (दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडीत उतरल्यापासून जर्मनी शरण येईपर्यंत खरं युद्ध अकरा महिन्यांत आटोपलं, कॉम्बॅटचा नायक, अमेरिकी सार्जंट साँडर्स मात्र पाच वर्षं फ्रान्समध्येच चालतोय.)

पण पहिल्या भागापासून ओळीने बघायची गरज दोन्हीकडे नाही. प्रत्येक भागात गोष्ट सुरू होते आणि तिथेच संपते. म्हणून मी मालिका निवडत नाही, त्या रात्रीपुरता भाग निवडतो.

गनस्मोकची पहिली सहा वर्षं भाग अर्ध्या तासाचे होते, असे २३३. माझा जीव त्यांच्यातच आहे. बऱ्याचदा सुरुवातीला मालिकेचा नायक, गावातला कायदा सांभाळणारा मार्शल मॅट डिलन डॉज सिटीच्या बूट हिल या कबरस्तानात एकटा फिरत असतो आणि मनाशी बोलत असतो. प्रसारित झालेल्या पहिल्याच भागात त्याला गोळी लागते. समोरचा डॅन ग्रॅट पिस्तूल विलक्षण झपाट्याने काढतो, पण दर वेळी अगदी जवळ येऊनच. का? कारण त्याचा नेम लांबून बसत नाही. डिलन अंथरुणातून उठतो, हे ओळखतो आणि दुसऱ्या सामन्यात अंतर राखतो. एवढंच! पंचवीसेक मिनिटांत नायकाचा पराभव, विचार आणि उत्तर. १९६१नंतर भाग तासाचे झाले, तसा पाहुण्या पात्रांचा पसारा वाढला. चांगले भाग तिथेही आहेत, पण शोधावे लागतात. डिलनचा मदतनीस चेस्टर आवडत असेल तर १९६४पर्यंतचेच बघा, पुढे त्याची जागा फेस्टस घेतो. माझं मत चेस्टरला.

कॉम्बॅट वेगळ्या जातीची. जर्मन सैनिक जर्मनच बोलतात, खाली अक्षरं येत नाहीत. झुडपामागे कोण काय ठरवतंय हे साँडर्सला कळत नाही, तसं तुम्हालाही नाही. फ्रेंच बोलायचं तर साँडर्सच्या तुकडीतला केज पुढे होतो. ही मालिका भाजी निवडत बघता येत नाही.

पहिल्या सीझनमधले दहा भाग दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन यांचे आहेत. त्यांचा 'सर्व्हायव्हल' बघाच. साँडर्सचे हात भाजलेत, शुद्ध हरपत चाललीय, आणि एका मेलेल्या जर्मनाला स्वतःचा भाऊ समजून तो त्याला उचलून चालू लागतो. संवाद जवळपास नाहीतच. साँडर्स झालेल्या व्हिक मॉरो यांचा तो चेहरा पाहिल्यावर मी त्या रात्री दुसरा भाग लावला नाही. दुसरा नमुना 'हिल्स आर फॉर हीरोज', दोन भागांचा, दिग्दर्शन मॉरो यांचंच. एक टेकडी, वर दोन बंकर. माणसं पडत राहतात, टेकडी मिळते, आणि मग माघारीचा हुकूम येतो. दोन्ही भाग एकाच बैठकीत बघा.

गंमत अशी, की खऱ्या युद्धाची जखम वेस्टर्नवाल्याच्या पायात आहे. डिलन झालेले जेम्स आर्नेस १९४४ साली इटलीत अँझिओला पायाला गोळ्या लागून जबर जखमी झाले होते, आणि तो पाय त्यांना जन्मभर त्रास देत राहिला. मार्शलची चाल अधूनमधून जड वाटते, ती अभिनयातली नाही.

तर आठवड्यातल्या कामाच्या दिवसांत अर्ध्या तासाची गनस्मोक, शनिवारी रात्री एक कॉम्बॅट. गनस्मोक १९६६ला रंगीत झाली, कॉम्बॅटचा फक्त पाचवा सीझन रंगीत आहे. तो सगळ्यात शेवटी ठेवा. चिखल काळ्या-पांढऱ्यातच खरा वाटतो.