स्लो कुकर: रात्रपाळीच्या घरातला वैल

आधी निकाल सांगते, कारणं मागून. ज्या घरातली सगळी माणसं सकाळीच बाहेर पडतात, किंवा ज्या घरात माझ्यासारखी रात्रपाळी आहे, त्या घरानं स्लो कुकर, म्हणजे विजेच्या मंद धगीवर तासन्‌तास शिजवणारं भांडं, जरूर घ्यावं. ज्या घरात दिवसभर कुणीतरी गॅसजवळ असतंच, तिथं प्रेशर कुकर आणि जाड बुडाचं पातेलं पुरतं.

मी अंबाजोगाईत स्टाफ नर्स आहे. घरात आम्ही पाच माणसं: मी, नवरा, दोन मुलं आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. पावसाळा सरता सरता हे भांडं ऑनलाईन मागवलं, साडेतीन हजाराच्या आसपास पडलं. आश्विन-कार्तिक त्याच्यावर निघाले. आपल्याकडं हा काळ विचित्र असतो. दुपारी ऊन चटके देतं, पहाटे गोधडी लागते. सोयाबीन काढणीला आलेलं असतं, मळणी यंत्रं रात्रीपर्यंत चालतात, नवऱ्याचा पाय घरात ठरत नाही. पावसाळ्यात मंदावलेली भूक याच दिवसांत परत येते आणि नेमकं तेव्हाच चुलीजवळ बसायला कुणाला वेळ नसतो.

भांडं साधं आहे. बाहेर पत्र्याचं कवच, त्यात वीजतार, आत चिनीमातीचं जाड अंडाकृती भांडं, वर काचेचं झाकण. समोर एकच खटका: लो, हाय, वॉर्म. पाठीमागं २०० वॅट लिहिलंय. लोवर ठेवा की हायवर, अन्न शेवटी जवळपास तेवढंच तापतं, उकळीच्या किंचित खाली. फरक एवढाच की हायवर ते लवकर तिथं पोचतं. सहा-सात तास आहेत की तीन-चार, एवढं बघून खटका फिरवायचा.

ज्यांनी मातीची चूल पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. चुलीला शेजारी वैल असायचा, मुख्य जाळाची उरलेली धग तिकडं जायची. भाकरी चुलीवर, आणि वैलावर दूध नाहीतर डाळीचं गाडगं. त्याच्याकडं कुणी बघायचं नाही, ते आपलं आपण शिजत राहायचं. स्लो कुकर म्हणजे विजेवरचा वैल. हे यंत्र ज्यानं बनवलं त्या अमेरिकेतल्या आयर्विंग नॅक्सन यांना कल्पना सुचली तीही अशाच धगीवरून. त्यांची आई लिथुआनियातल्या लहानपणीची गोष्ट सांगायची: शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी चोलंटचं, म्हणजे मांस-कडधान्याच्या रश्श्याचं, भांडं गावच्या भटारखान्यात नेऊन ठेवायचं आणि विझत्या भट्टीच्या उष्णतेवर ते रात्रभर शिजायचं. नॅक्सन यांना १९४० साली पेटंट मिळालं. पुढं १९७० मध्ये रायव्हल नावाच्या कंपनीनं त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ पासून ते 'क्रॉक-पॉट' या नावानं घरोघर गेलं. पूर्वी वैलावर जे जे शिजायचं ते ते यात घाला. ज्याला जाळ लागतो ते घालू नका. माझा सगळा अनुभव या दोन वाक्यांत बसतो.

उडदाच्या घुट्यापासून सुरुवात करा. मोंढ्यात नवा उडीद आलेला असतोच. दोन वाट्या सालीची डाळ दोन-तीन पाण्यांनी धुवायची, तिच्या तिप्पट पाणी, ठेचलेलं आलं-लसूण, चार हिरव्या मिरच्या, हळद. रात्री आठला ड्युटीवर निघताना लोवर लावते. पहाटे आत्याबाई उठल्या की खटका वॉर्मवर करतात. सकाळी मी आले की मीठ घालून रवीनं घुसळते आणि तुपात जिरं, हिंग, लसणाची फोडणी देते. प्रेशर कुकरमध्ये उडीद मऊ होतो पण पाणी वेगळं, डाळ वेगळी राहते. इथं ती स्वतःच घट्ट, चिकट, सायीसारखी मिळून येते. गरम ज्वारीची भाकरी कुस्करून त्यावर हे घुटं ओतलं की रात्रपाळीचा शीण निम्मा उतरतो. आत्याबाईंचे दात गेलेत. त्या म्हणाल्या, "आता मला वेगळं काही करत बसू नको, हेच दे." मला तरी यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नको.

हुलग्याचं कढण यात उत्तमच होतं. रात्री भिजवलेले हुलगे सकाळी उपसून, एकदा गॅसवर खळखळून उकळून मग यात. संध्याकाळपर्यंत वरचं पाणी दाट तांबूस होतं. ते गाळून जिरं-लसणाची फोडणी, थोडं ताक. उरलेल्या हुलग्यांची उसळ. एक मात्र सांगते. बोअरच्या जड पाण्यात हुलगे काय, हरभरेसुद्धा रात्रभर ठेवले तरी टणटणीत राहतात. पाण्यातले क्षार कडधान्याची साल आणि गर मऊ होऊ देत नाहीत. फिल्टरचं पाणी वापरा, फरक पहिल्याच दिवशी दिसेल. चिंच, टोमॅटो, आमसूल हेही शिजल्यावरच, आंबट आधी पडलं की डाळ अडून बसते. हुलग्याच्या पिठाच्या शेंगोळ्यांसाठी मात्र हे भांडं नाही. पीठ कडकडीत उकळत्या पाण्यात पडलं तरच आकार धरतं.

राजम्याबद्दल नर्स म्हणून लिहिते आणि हे मनावर घ्या. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. ते कडक उकळीनं मरतं, मंद धगीनं मरत नाही, उलट अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त त्रास देऊ शकतो. चार-पाच दाण्यांनीही उलट्या-जुलाब सुरू होतात. राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर दहा मिनिटं खळखळ उकळा आणि मगच स्लो कुकरमध्ये टाका. भांड्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत याचा उल्लेख नाही. हा मला या सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोठा दोष वाटतो.

आता मटण. नवरात्र उठलं की आमच्याकडं कंदुरी-जत्रांची आमंत्रणं सुरू होतात, घरातही रविवारी मटण लागतं. पाया हा या भांड्याचा खरा दागिना. खाटकाकडून भाजून, खरवडून आणलेले पाय एकदा उकळून ते पाणी ओतून द्यायचं, नंतर कांदा, आलं-लसूण, हळद, दोन लवंगा, एक दालचिनी, पाणी, आणि रात्रभर लोवर. सांध्यांमधला चिवट भाग दहा तासांच्या संथ उष्णतेत विरघळतो. उरलेला रस्सा फ्रीजमध्ये ठेवला तर थलथलीत गोठतो, तीच त्याची पावती. सकाळी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण काळ्या मसाल्यासकट तेलात परतून वरून घालते. काळा मसाला आधीच घातला तर आठ-दहा तासांत त्याचा वास उडून जातो आणि नुसता कडसरपणा राहतो. उलट लवंग-दालचिनी रात्रभरात फार उतरते, म्हणून नेहमीच्या निम्मी. आत्याबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "अगं, एवढ्याशा धगीवर पाया शिजंल का?" सकाळी हाडं त्यांच्या हातात नुसती मोकळी झाली.

माझी संभाजीनगरची एक मैत्रीण नान-खलियाच्या, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याच्या, घरातली. दिल्लीहून राजधानी दौलताबादला आली तेव्हा तुघलकाच्या फौजेबरोबर हा पदार्थ आला असं तिकडं सांगतात. ती खलिया मोठ्या देगचीत, लाकडाच्या जाळावर झालेलीच खरी मानते आणि मीही मानते. तिनं बजावलं ते बरोबर निघालं: कांदा आणि मटण आधी कढईत तेलात चांगलं तांबूस परतून घे, या भांड्यात काहीही परतलं जात नाही. पाणी असेपर्यंत आतली उष्णता शंभर अंशांच्या वर जायची नाही, तर रंग आणि खमंगपणा येणार कुठून? कढईतलं मटण, सुटलेलं तेल, वाटण सगळं खरवडून यात, पाणी जेमतेम बुडेल एवढं. वाफ बाहेर जात नाही म्हणून पाणी आटत नाही. नेहमीच्या अंदाजानं घातलं तर पातळ पाणचट रस्सा हाती येतो. सहा तासांत मटण काट्यानं तुटतं आणि तर्री सुंदर येते. फ्रीजरमधून काढलेलं गोठलेलं मटण थेट टाकू नका, ते फार वेळ कोमट राहतं आणि तेवढ्यात जंतू वाढतात.

गोडाधोडाचं थोडं. कोजागरीला दूध यात ठेवलं. झाकण तिरकं, हायवर दुपारपासून. गॅसवर जसं आटतं तसं आटलं नाही, पण बुडाला लागलं नाही, उतू गेलं नाही आणि कितीतरी तासांच्या उष्णतेनं त्याला तांबूस रंग आणि खरपूस गोडी आली. मध्यरात्री चंद्र बघून होईपर्यंत वॉर्मवर गरम राहिलं, गच्चीवरच्या शेजारणींनीही दोन-दोन पेले घेतले. बासुंदी हवी असेल तर मात्र कढई घ्या. या दिवसांत बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं बाजारात येतात. बीडच्या सीताफळाला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि गर चाखला की का ते कळतं. तो गर या भांड्यात कधीच शिजवू नका, उष्णतेनं कडवट होतो. तांबूस झालेलं दूध पूर्ण गार करा, साखर घाला आणि मग गर मिसळा. मुलांनी याचं नाव 'दिवाळीचं आइस्क्रीम' ठेवलंय.

गव्हाची खीरही यातच करते. खपली गहू भिजवून, कांडून, पाखडून रात्रभर लोवर. सकाळी एकेक दाणा फुललेला असतो. गूळ, खोबरं, खसखस, वेलची शेवटी, आणि दूध ताटात वाढताना. गुळाबरोबर दूध तापवलं की फाटतं. वेळ अमावस्येला शेतात न्यायची खीर यंदापासून याच्यातच, कारण त्या दिवशी पहाटे भज्जी, आंबील, उंडे यातच बाईचा जीव जातो आणि खिरीजवळ ढवळत उभं राहायला माणूस नसतो.

तुरीचं वरण यात करू नका. कुकर पंधरा मिनिटांत करतो ते हे सहा तासांत करेल आणि चवीत काही भर पडणार नाही. पालेभाज्यांचा चिखल होतो. भात चांगला होत नाही.

वीज हा आपल्याकडचा खरा प्रश्न. २०० वॅट म्हणजे आठ तास सलग चाललं तरी दीड युनिटच्या थोडं वर, बिलाला भिऊ नका. भीती लाइट जाण्याची. फिरत्या खटक्याचं मॉडेल लाइट आली की आपोआप पुन्हा सुरू होतं. डिजिटल आकड्यांची बरीच मॉडेलं लाइट गेली की बंदच राहतात आणि घरी कुणी नसेल तर अन्न तसंच कोमट पडतं. मराठवाड्यात राहणाऱ्यानं खटक्याचंच घ्यावं. आमच्याकडं ते इन्व्हर्टरवर जोडलंय, तेवढा भार तो उचलतो. अन्न साठ अंशांच्या खाली दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर फेकावं, हा दवाखान्यातला नियम मी घरात पाळते. म्हणून लाइट लांबली तर आत्याबाई पदार्थ पातेल्यात ओतून गॅसवर उकळतात. झाकण उघडून बघायची सवय सोडावी लागते. प्रत्येक वेळी उघडलं की साठलेली उष्णता जाते आणि वेळ वाढतो.

काही गोष्टी खटकतात. वायर इतकी आखूड की ओट्यावर प्लगच्या जवळच ठेवावं लागतं. बाहेरचं कवच चांगलंच तापतं, लहान मूल असेल तर मागं सरकवून ठेवा. आतलं भांडं जड आहे, आत्याबाईंना एकटीनं उचलता येत नाही. वॉर्डातल्या एका सिस्टरनं तापलेलं भांडं थंड पाण्याच्या नळाखाली धरलं, त्याला तळापर्यंत तडा गेला. तिनं सुटं भांडं मागितलं तर कंपनीच्या ग्राहक सेवेनं नवा पूर्ण संच घ्या म्हणून सांगितलं. हे चुकीचं आहे. वर्षानुवर्षं टिकू शकणारं यंत्र एका मातीच्या भांड्यापायी भंगारात जावं, याचा मला मनापासून राग येतो.

पाच माणसांना साडेतीन लिटरचं बरोबर होतं. सहा लिटरचं स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका, कारण भांडं निम्म्यापेक्षा कमी भरलं की कडेनं सुकतं आणि जास्त शिजतं. निम्मं ते पाऊण भरलं की नीट चालतं. पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एकच लेखी विचारा, आतलं भांडं आणि झाकण सुटं मिळेल का. हो म्हणाला तरच घ्या.