२५ आणि २५.००: स्वस्त डिजिटल व्हर्नियर घ्यावा का?

१५० मिमीचा डिजिटल व्हर्नियर (दोन जबड्यांत वस्तू धरून माप घ्यायचं उपकरण), लीस्ट काउंट म्हणजे दिसणारं सर्वांत लहान माप ०.०१ मिमी, स्टीलची बॉडी, सोबत प्लास्टिकची पेटी आणि एक जादा सेल. नाशिकच्या अंबड लिंक रोडवरच्या टूल्सच्या दुकानातून घेतला, दीड हजाराच्या आत. ब्रँडचं नाव देत नाही, कारण याच बॉडीवर वेगवेगळी नावं छापून तो बाजारात येतो. मी अंबड एमआयडीसीत सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशिनच्या) जॉबवर्कच्या एका शॉपमध्ये इन्स्पेक्शन बघते, तेव्हा हा रिव्ह्यू त्या नजरेनेच वाचा.

आधी निकाल. शिकाऊ मुलांच्या हातात द्यायला उत्तम. फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर ठेवू नका. दोन्हीचं कारण एकच, स्क्रीनवरची शेवटची दोन शून्यं.

जॉ (जबडा) मिटला की स्क्रीनवर ०.०० येतं. बरोबर पंचवीस मिलिमीटरचा जॉब, म्हणजे मशिनवर केलेला भाग, धरला तर २५.०० येतं, नुसतं २५ कधीच येत नाही. आमच्याकडे सातपूरच्या आयटीआयमधून शिकाऊ मुलं येतात. हुशार असतात, पण रीडिंग विचारलं की "पंचवीस" म्हणतात आणि रजिस्टरमध्ये २५ लिहितात. दशांश चिन्हानंतर शेवटी येणारी शून्यं काढली तरी किंमत बदलत नाही, असं शाळेत शिकलेले असतात आणि ते खरंच आहे. "मॅडम, पंचवीसच आहे ना?" "आहे रे, पण कितपत बघून पंचवीस?"

मोजमापात हाच प्रश्न महत्त्वाचा. स्टीलच्या पट्टीवर बघून २५ लिहिलं, तर जॉब २४.५ ते २५.५ च्या मध्ये कुठेही असू शकतो. २५.० म्हटलं की २४.९५ ते २५.०५. आणि २५.०० लिहिलं की २४.९९५ ते २५.००५, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत बघितलं आणि तिथे शून्य सापडलं. गिऱ्हाइकाच्या हातात आपली नजर जात नाही, फक्त रिपोर्ट जातो. त्यात शून्यं गाळली तर बघितलेलं न बघितल्यासारखं होतं. हा व्हर्नियर ती शून्यं प्रत्येक वेळी समोर धरतो, म्हणून मुलांना सवय लागते. मी सांगून जे होत नव्हतं ते स्क्रीनने केलं.

मग मुलं ड्रॉइंग पुढे करतात. तिथे तर नुसतं २५ लिहिलेलं असतं! मेट्रिक ड्रॉइंगवर तशीच पद्धत आहे. अमेरिकेच्या एएसएमई वाय१४.५ या ड्रॉइंगच्या मानकात तर मिलिमीटरमधल्या पूर्णांक मापाला दशांश चिन्ह आणि शून्य लावू नये असा नियमच आहे. किती इकडेतिकडे चालेल, म्हणजे टॉलरन्स, ते वेगळं सांगतात. टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) आयएसओ २७६८-एम हे सर्वसाधारण टॉलरन्सचं मानक असेल तर २५ ला ±०.२, म्हणजे २४.८० ते २५.२० पास. काय हवं ते ड्रॉइंग सांगतं, काय सापडलं ते रिपोर्ट सांगतो. इंचाच्या ड्रॉइंगची रीत मात्र वेगळी. तिथे टॉलरन्सला जितकी दशांश स्थळं, तितकीच मापाला. टायटल ब्लॉकमध्ये दोन स्थळांच्या मापाला एक टॉलरन्स आणि तीन स्थळांच्या मापाला दुसरा, असं बऱ्याचदा दिलेलं असतं. म्हणजे १.०० आणि १.००० हे मशिनवाल्यासाठी दोन वेगळे जॉब झाले.

आणि मशिनवर गेल्यावर तर हा विषय हातापायाच्या सुरक्षेचा होतो. फॅनुक कंपनीचा कंट्रोल (मशिन चालवणारा संगणक) असलेल्या अनेक लेथवर प्रोग्रॅममध्ये एक्स२५ (व्यास २५) लिहिलं, पण पुढे पॉइंट, म्हणजे दशांश चिन्ह, दिला नाही, तर कंट्रोल तो आकडा मिलिमीटर धरत नाही. सर्वांत लहान एकक ०.००१ मिमी, म्हणून २५ म्हणजे २५ मायक्रॉन, ०.०२५ मिमी. पंचवीसच्या व्यासावर थांबायचं टूल जवळजवळ सेंटरपर्यंत जाणार. पॅरामीटर बदलून हे टाळता येतं, काही शॉपमध्ये बदललेलंही असतं, पण दुसऱ्याच्या मशिनवर ते कसं सेट आहे हे मुलाला कुठून कळणार? नुसता पॉइंट दिला तरी मशिनला पुरतो. आमच्याकडे मात्र २५.० असंच लिहायचं, कारण एकटा टिंब नजरेतून सुटतो, शून्य सुटत नाही. व्हर्नियरवर रोज २५.०० बघणारी मुलं प्रोग्रॅममध्येही आपोआप पॉइंट देतात, हे माझं निरीक्षण आहे, आणि एवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल.

आता दुसरी बाजू. स्क्रीन शंभरावा भाग दाखवते म्हणून तो खरा असेलच असं नाही. सोबतच्या कागदावरच अचूकता ±०.०३ छापली आहे. स्लिप गेजवर (अचूक मापाच्या स्टीलच्या ठोकळ्यांवर) ताडून बघितलं: २५ च्या गेजवर बहुतेक वेळा २५.००, कधी २४.९९; १०० च्या गेजवर ९९.९८ पासून १००.०२ पर्यंत फिरतो. अंगठ्याचा दाब थोडा वाढला की शेवटचा आकडा हलतो. टॉलरन्स ±०.२ असेल तर याने काही बिघडत नाही. ±०.०२ चा बोअर (आतलं भोक) याने पास करू नका, मग स्क्रीनवर कितीही सुंदर शून्यं दिसोत.

त्यात आपला उन्हाळा. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या शॉपमध्ये पारा ३८ च्या आसपास असतो. जॉब स्टीलचा असेल तर व्हर्नियर आणि जॉब साधारण सारखेच फुगतात, फरक दिसत नाही. ॲल्युमिनियम स्टीलच्या सुमारे दुप्पट फुगतं. २० अंशाला बरोबर १०० मिमी असलेला ॲल्युमिनियमचा जॉब तेव्हा १००.०२ दाखवणार. इथे दोष उपकरणाचा नाही, पण तो आकडा डोळे झाकून रिपोर्टमध्ये उतरवला तर पुण्यातल्या एसी खोलीत बसलेला गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर तुम्हाला विचारणारच.

इंचाचं बटण क्वचित लागतं. २५.४० वर दाबलं की १.०००० येतं, चार शून्यं. ती बघून भुलू नका, शेवटच्या जागी ० आणि ५ याशिवाय दुसरा आकडाच येत नाही.

किरकोळ गोष्टी. अंगठ्याचं चाक गुळगुळीत फिरतं, लॉकिंग स्क्रू बारका आणि निसटता. बंद ठेवला तरी सेल हळूहळू उतरतो, त्यामुळे अल्कलाइन एलआर४४ ऐवजी सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर४४ घाला, त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतो. कूलंट (मशिनमधलं थंडाव्याचं पाणी) स्केलवर गेलं की आकडे नाचतात, पुसून कोरडा करावा लागतो. रिपोर्ट एक्सेलमध्ये करत असाल तर तिथल्या चौकटीचं फॉरमॅट आधी नंबर, दोन दशांश स्थळं असं करून ठेवा. नाहीतर तुम्ही २५.०० टाइप कराल आणि एक्सेल परस्पर २५ करून ठेवेल.

घ्यायला जाल तेव्हा दुकानातच जॉ मिटून उजेडाकडे धरा. फटीतून उजेड दिसला तर तो नग परत ठेवा आणि दुसरा मागा. मी घेताना पहिला नग असाच परत केला, दुकानदाराने कुरकुर न करता दुसरा दिला.