डेझर्ट आयर्नवुडची मूठ: रोजच्या वापरानंतर

घडीच्या चाकूला लाकडी मूठ हवी तर लाकूड कोणतं, याचं माझं उत्तर आता पक्कं झालंय: डेझर्ट आयर्नवुड. कित्येक महिने हा चाकू रोज खिशात आहे. किल्ल्या, नाणी, घाम, फळांचा रस, नळाखाली धुणं, सगळं त्याच्या वाट्याला आलं. मुठीला मात्र अजून तेलाचं बोटही लावलेलं नाही.

लाकूड निवडताना बहुतेक जण आधी कठीणपणाचा आकडा बघतात. जान्का चाचणीत 11.28 मिमी व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते मोजतात. हार्ड मेपलला साधारण 1450 पाउंड, आयर्नवुडला 3260 च्या आसपास, लिग्नम व्हायटी या लाकडाला त्याहूनही जास्त. जमिनीवर लाकडी फळ्या बसवायच्या असतील तर हा आकडा आधी बघावा. मुठीसाठी तो दुय्यम आहे असं माझं स्पष्ट मत आहे. चाकूची लाकडी पट्टी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड असते. एका टोकाला ती बोल्स्टरला, म्हणजे पात्याकडच्या धातूच्या तुकड्याला भिडलेली, खाली लायनरला, म्हणजे मुठीच्या आतल्या धातूच्या पत्र्याला चिकटवलेली, वर पिनांनी जखडलेली. हवा दमट झाली की लाकूड फुगतं, कोरडी झाली की आकसतं, आणि धातू जागचा हलत नाही. मग सांध्यावर नख अडकायला लागतं, नाहीतर पिनेपासून केसाएवढा तडा निघतो. आबनूस कितीही देखणा असला तरी तडकण्याची त्याची खोड जुनीच.

म्हणून मी नजर ठेवली ती सांध्यावर. दमट दिवसांत आणि कोरड्या दिवसांतही बोल्स्टरवरून लाकडावर नख ओढून पाहिलं. कुठेच अडकलं नाही. हे लाकूड इतकं घट्ट आहे की पाण्यात बुडतं. मऊ लाकूड फुगू-आकसू नये म्हणून त्यातली हवा ओढून राळ भरतात, तशी ती यात फारशी शिरतच नाही आणि तिची गरजही पडत नाही.

आफ्रिकन ब्लॅकवुडचाही विचार केला होता. क्लॅरिनेट आणि ओबो याच लाकडाचे बनतात, त्यामुळे त्याच्या स्थिरपणाबद्दल शंका नाही. पण ते इतकं काळं असतं की रेषा दिसतच नाहीत. शिवाय शिसवाच्याच वंशातलं असल्यामुळे 2017 पासून ते साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. लिग्नम व्हायटीत मुळातच राळ भरपूर. म्हणूनच जहाजांच्या पंख्याच्या दांड्याला त्याची बेअरिंगं बसवत. मुठीत मात्र तोच तेलकटपणा गोंदाला नीट धरू देत नाही.

आयर्नवुडचं रूप उन्हात बघावं. तपकिरी अंगावर सोनेरी पट्टा, त्यात काळसर रेषा; चाकू जरा कलता केला की तो पट्टा आतल्या आत सरकतो. अंगठा टेकतो तिथला भाग आता बाकीपेक्षा गडद झालाय आणि जास्त चमकतोय. मला तो नव्या पॉलिशपेक्षा आवडतो.

तक्रारी दोन आहेत. ओल्या हातात मूठ निसटते, कारण पृष्ठभाग अगदी काचेसारखा गुळगुळीत आहे. आणि लाकूड ठिसूळ आहे. चाकू एकदा दगडी फरशीवर पडला तेव्हा मागच्या कोपऱ्याची बारीक कपची उडाली. 1200 आणि मग 2000 नंबरचा पॉलिश पेपर मारून कोपरा गोल केला, वर फडक्याने घासलं, चमक परत आली. घासताना नाकातोंडाला मास्क हवाच, याची धूळ झोंबते.

आयर्नवुडचं हे शेंगा धरणारं झाड फक्त अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरन वाळवंटात वाढतं, तेही अतिशय हळू. तिथले मूळ रहिवासी सेरी लोक याच्या मूर्ती कोरतात. कोळशासाठी झालेल्या तोडीने याचं फार नुकसान केलंय, मेक्सिकोत त्याला कायद्याचं संरक्षणही आहे. मेलेलं झाड मात्र न कुजता वर्षानुवर्षं पडून राहतं. तेव्हा पट्ट्या घेताना ते वाळलेल्या, मेलेल्या झाडाचंच लाकूड आहे ना, हे आधी विचारा. वाळवंटातल्या उन्हात पडून अशा लाकडाला बारीक चिरा गेलेल्या असतात आणि त्या पातळ गोंदाने भरून विकतात. पट्टीची दोन्ही टोकं भिंगाखाली बघा. चीर पिनेच्या जागेपाशी येत असेल तर रंग कितीही सुंदर असो, ती जोडी ठेवून दुसरी उचला.