प्रार्थनेची वही: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

भस्म बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, ५ मार्च २०२५ रोजी, मी शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, वाचनाची आणि प्रार्थनेची वही लिहायला घेतली आणि ७ डिसेंबरला तिचे शेवटचे पान भरले. वही साधी आहे: दोनशे पानी, फुलस्केप, पुठ्ठ्याच्या बांधणीची, भुसावळच्या बाजारातून घेतलेली. २७८ दिवसांपैकी १९१ दिवस मी तिच्यात लिहिले, ८७ दिवस लिहिले नाही, आणि शेवटची नऊ पाने विनंत्यांच्या यादीत गेली. आमच्या चर्चच्या मंडळीतील दोन-तीन तरुणांनी ही सवय लावून घेण्याविषयी विचारले, म्हणून जे खरोखर उपयोगी पडले आणि जे पडले नाही ते येथे सविस्तर मांडतो.

त्याआधी ऑनलाइन मागवलेली एक छापील मनन-वही मी वापरून पाहिली होती. गुळगुळीत कागद, प्रत्येक पानावर इंग्रजीत तेच चार प्रश्न आणि उत्तराला तीन-तीन ओळींची जागा. आठवड्याभरात माझी उत्तरेही त्या प्रश्नांसारखीच ठरावीक होऊ लागली. मोबाइलवरील आठवण करून देणारी सोयही करून पाहिली, परंतु रेल्वेत पाळीने काम करणाऱ्या माणसाला रोज पहाटे साडेपाचची आठवण कशी लागू पडणार? एका आठवड्यात त्या वेळी मी कामावर निघालेला असतो, दुसऱ्यात गाढ झोपेत आणि तिसऱ्यात रात्रपाळी संपवत आलेला.

नवी वही सुरू करतानाही मी एक चूक केली, आणि ती बहुतेक जण करतात असे मला वाटते. वर्षभरात संपूर्ण शास्त्र वाचायचे ठरवले. अध्याय ११८९, म्हणजे दिवसाला तीन ते चार. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तके उत्साहात पार पडली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लेवीय या तिसऱ्या पुस्तकातील यज्ञविधींपर्यंत पोहोचलो, त्याच आठवड्यात रात्रपाळी लागली, आणि पाहता पाहता वीस अध्याय मागे पडले. त्या दिवसांची पाने आज उघडली तर त्यांवर फक्त अध्यायांचे आकडे आणि बरोबरच्या खुणा दिसतात; वचन एकही नाही, प्रार्थनाही नाही. वाचन झाले होते, पण देवाशी बोलणे झाले नव्हते.

आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, तेव्हा दोन गोष्टी सुचवल्या. पहिली, वेळ घड्याळाला न बांधता रोजच्या एखाद्या कामाला बांधावी. तेव्हापासून मी पाळी कोणतीही असो, उठल्यावरच्या पहिल्या चहाबरोबर वही उघडतो. चहा सकाळी सहाचा असो की दुपारी दोनचा. दुसरी, कमी वाचावे आणि वाचलेले हाताने उतरवावे. बायबलमधील अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात इस्राएलाच्या राजाला अशीच आज्ञा आहे: राज्यावर बसल्यावर त्याने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती जवळ ठेवावी आणि आयुष्यभर वाचावी. हा भाग मी अनेकदा वाचला होता, परंतु त्यातील लिहिण्यावर माझे लक्ष कधी गेले नव्हते.

त्यानुसार नव्या करारातील फिलिप्पैकरांस पत्र घेतले. चार अध्याय, १०४ वचने, रोज चार-पाच. पूर्ण व्हायला महिना लागला. नंतर स्तोत्रसंहिता या पुस्तकातील एकशे एकोणिसावे स्तोत्र रोज एक भाग याप्रमाणे उतरवले. त्यात आठ-आठ वचनांचे बावीस भाग आहेत आणि मूळ हिब्रूत प्रत्येक भागाची सर्व वचने वर्णमालेच्या एकाच अक्षराने सुरू होतात. नवीन माणसाने मार्क शुभवर्तमानापासून किंवा फिलिप्पैपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाताने उतरवल्याने काय होते, हे एका रात्रीच्या उदाहरणाने सांगतो. जुलैत रात्रपाळी होती. वही डब्याच्या पिशवीत नेलेली होती आणि साडेतीनच्या चहाला थोडा निवांतपणा मिळाला, तेव्हा एकशे एकविसावे स्तोत्र उतरवायला घेतले. लहानपणापासून तोंडपाठ असलेले स्तोत्र. परंतु लिहिताना ध्यानात आले की आठ वचनांत रक्षणाची गोष्ट पुनःपुन्हा येते. मूळ हिब्रूत तो धातू सहा वेळा आला आहे, हे नंतर पाळकसाहेबांकडून कळले. आणि इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही, हे वचन मी स्वतःचे डोळे ताणून जागे ठेवत लिहीत होतो. रात्री जागून इतरांची सोय सांभाळणारा कोणी वर आहे, हा विचार त्याआधी माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. पानाच्या खाली फक्त एवढेच लिहिले आहे: ‘प्रभू, तूही जागाच आहेस.’

मराठी शास्त्राची भाषा काही ठिकाणी जड वाटते, हे खरे. तरी लिहिण्याच्या वेगाने वाचले की ती उलगडते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्र सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे दिली. १९२२ साली त्या गेल्या. एकेका शब्दापाशी त्या किती थांबल्या असतील, हे मला उतरवताना वारंवार जाणवले.

आता प्रार्थनेविषयी. माझे गाव अमळनेर तालुक्यात आहे आणि घरात आम्ही अहिराणी बोलतो. तरीही पहिले काही महिने मी वहीत उपासनेत शोभेल अशा मराठीत प्रार्थना लिहीत होतो: ‘हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे आभार मानतो’. ऐन वेचणीच्या तोंडावर पाऊस आला, धाकट्या भावाचा फुटलेला कापूस झाडावरच भिजून काळा पडला आणि तो पुन्हा दारूकडे वळला. त्या दिवशीही मी आभाराचीच चार वाक्ये लिहिली. ती आज वाचवत नाहीत, कारण त्यांत खरे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तेरावे स्तोत्र उतरवले. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा ‘कोठवर’ असे विचारतो. चौथा ‘कोठवर’ लिहून झाल्यावर माझा हात थांबला आणि त्याखाली पहिल्यांदाच घरच्या बोलीत लिहिले गेले: ‘देवा, मना भाऊले संभाळ.’ तेव्हापासून प्रार्थना अहिराणीतच लिहितो. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे इतकी मोठ्या संख्येने का ठेवली आहेत, हे मला त्या आठवड्यात कळले.

विनंत्यांची यादी वहीच्या मागच्या बाजूने सुरू केली आणि डाव्या समासात मागितल्याची, उजवीकडे उत्तराची तारीख लिहायचे ठरवले. एकूण ६४ विनंत्या झाल्या. ३१ समोर तारीख पडली. त्यांत आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे आणि भाचीचा नर्सिंगचा प्रवेशही. यांतील कित्येक विनंत्या मान्य झाल्याचे मी विसरूनही गेलो होतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी यादी वाचताना आठवले आणि तेव्हा आभार मानले. बायबलमधील संदेष्टा शमुवेल याने दगड उभा करून त्याला एबन-एजर नाव दिले, येथवर परमेश्वराने साहाय्य केले म्हणून. त्या उजव्या रकान्याचे काम माझ्यासाठी तेच आहे. २२ विनंत्या मी स्वतःच मागायच्या सोडल्या, कारण काही दिवसांनी वाचल्यावर त्यांतील हट्ट दिसला. ११ समोरची जागा कोरी आहे.

वापरातील बारीक गोष्टी थोडक्यात सांगतो. जेल पेनाची शाई पानामागे उतरते, म्हणून बॉलपेन बरे. मे महिन्यात आमच्याकडे हाताच्या घामाने पान ओले होते. हाताखाली जुना रुमाल ठेवावा. शास्त्राच्या पातळ पानांवर खुणा करायच्या तर पेन्सिलीनेच कराव्यात. खाडा पडला तर मागची पाने भरत बसू नये, आजची तारीख टाकून पुढे लिहावे. माझे ८७ खाडे तसेच आहेत आणि त्यांनी सवय मोडली नाही. वही घरातही कोणाला दाखवू नये, असे मी म्हणेन. एकदा साक्षीच्या, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सर्वांसमोर सांगण्याच्या, वेळी तिच्यातील एक पान मी मंडळीत वाचून दाखवले आणि पुढचे कित्येक दिवस लिहिताना ऐकणारे लोक डोळ्यांसमोर येत राहिले. दार लावून गुप्तपणे प्रार्थना करण्याविषयी प्रभू येशूने सांगितले आहे, ते लिहिलेल्या प्रार्थनेलाही लागू आहे.

८ डिसेंबरला दुसरी वही सुरू केली, तशीच दोनशे पानी. मार्क शुभवर्तमान घेतले आहे, रोज सहा-सात वचने. मागच्या बाजूच्या पहिल्या पानावर कोऱ्या राहिलेल्या त्या ११ विनंत्या जुन्या तारखांसह पुन्हा उतरवून घेतल्या. सर्वांत वर भावाचे नाव आहे.