सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला असं नाही: आमचे २१,००० रुपये कसे गेले

डिसेंबरात पारोळ्याकडच्या एका कबड्डी सामन्यात माझी धाकटी बहीण रेड टाकून मागे फिरली. पाय मातीत रुतून राहिला आणि वरचं अंग तेवढं वळलं. 'कट्' असा आवाज झाला, तो बाजूला उभ्या पोरींनीही ऐकला. अमळनेरला घरी पोहोचेपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता. असा आवाज आणि दोन-तीन तासांत चढलेली सूज म्हणजे गुडघ्याची हाडं आतून बांधून ठेवणारा दोर, म्हणजे एसीएल लिगामेंट, तुटल्याचा दाट संशय, हे आता मला पाठ आहे. तेव्हा नव्हतं.

ओळखीतल्या एकाने एका 'स्पोर्ट्स रिहॅब सेंटर'चं नाव सुचवलं. भिंतीवर फ्रेम केलेली चार सर्टिफिकिटं, पैलवानांसोबतचे फोटो, टेबलावर प्लास्टिकचा गुडघा. त्या माणसाने बहिणीचा पाय दोनदा दाबला आणि म्हणाला, "गादी सरकलीय. एमआरआय वगैरे कशाला, डॉक्टर लोक ऑपरेशनच सांगतील. पोरीचं लग्न व्हायचंय, गुडघ्यावर टाके घेऊन बसणार का?" आई तिथेच हलली. तिच्या जागी मी असतो तरी हललो असतो. ३० सिटिंगचं पॅकेज २४,०००, रोख दिले तर २१,०००. कापसाचे पैसे नुकतेच आले होते.

सिटिंग म्हणजे काय, तर गुडघ्याला चार चिकटपट्ट्या लावून झिणझिण्या आणणारं मशीन, मग कसल्याशा तेलाने मालिश. त्याच्या भाषेत ते मशीन 'लिगामेंट जोडणारं'. पुढे कळलं की ते साधं टेन्स मशीन होतं. त्याने दुखणं थोडा वेळ कमी होतं, तुटलेलं काही जोडलं जात नाही. शिवाय रोज दोन गोळ्या, नाव नसलेल्या कागदाच्या पुडीत.

आणि गुण आला! तीन आठवड्यांत सूज उतरली, ती सरळ चालायला लागली. आम्ही त्याला पेढे नेऊन दिले, हे लिहितानाही लाज वाटते. कारण विश्रांती मिळाली की सूज बहुतेक वेळा आपोआप उतरतेच, मशीन लावा नाहीतर नका लावू. असल्या लोकांचा धंदा याच तीन आठवड्यांवर चालतो. सरळ चालताना गुडघा साथ देतो, झटक्यात वळलं की दगा देतो.

बहिणीला पोलीस भरतीची घाई, ८०० मीटरची तयारी करायची होती. अठराव्या सिटिंगनंतर त्यानेच सांगितलं, पळ आता. तिसऱ्या दिवशी मैदानाच्या वळणावर गुडघा सटकला आणि ती पडली. जाब विचारायला गेलो तर म्हणाला, "पथ्य मोडलं असेल. वांगं खाल्लं का?" आता जानेवारीत भरीत न खाणारं घर अख्ख्या खानदेशात शोधून दाखवा. मी तिथेच ओळखलं की याने हे उत्तर पहिल्या दिवसापासून तयार ठेवलं होतं.

मग धुळ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघा जरासा वाकवून नडगी हलकेच पुढे ओढली. ती खिळखिळ्या ड्रॉवरसारखी पुढे आली. दुसरा पाय तसाच ओढला तर जागचा हलला नाही. मिनिटभराचं काम, फी तीनशे रुपये. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेला आणि गादीला, म्हणजे मेनिस्कसला, चीर. चीर पहिल्याच दिवशी पडली की दुसऱ्यांदा पडल्यावर, ते सांगता येणार नाही म्हणाले. पण गुडघा जितक्या वेळा सटकतो तितका गादीला मार बसतो. तिचा सुजट, गोल झालेला चेहरा आणि वाढलेली भूक बघून त्यांनी पुडीत स्टेरॉइड असावं असा संशय घेतला. तपासायला एक गोळीही शिल्लक नव्हती.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी टेप लावून दोन्ही मांड्या मोजल्या. दुखऱ्या पायाची मांडी तीन सेंटिमीटर बारीक. आईच्या तोंडून निघालं, "पोरीना पाय सुकी गया रे." जे स्नायू घडवायचे, त्यांच्यासाठी अठरा सिटिंगमध्ये एकही व्यायाम नव्हता. एवढ्या एका गोष्टीवरूनही मला कळायला हवं होतं. तेल-मशीन सगळं दुसरा माणूस करतो आणि पेशंट नुसता पडून राहतो, तर ते रिहॅब कसलं?

फिजिओथेरपिस्टला राज्याच्या परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारा, लिहून घ्या. आम्ही विचारला तेव्हा तो सेंटरवाला भिंतीवरच्या सर्टिफिकिटांकडे बोट दाखवायला लागला. जवळ जाऊन वाचली तर त्यातली दोन मालिशच्या तीन-तीन दिवसांच्या कोर्सची.

पैसे परत मागितले तर म्हणाला, पावती दाखवा. पावती नव्हतीच, सूट मिळते म्हणून रोख दिलेले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तिथेही अर्ज टाकतोय. पुरावा म्हणून हाती आहेत त्याच्या व्हॉट्सॲपवरच्या सिटिंगच्या वेळा आणि 'पैसे मिळाले' असा एक मेसेज. तो मेसेज मी चुकून पुसला नव्हता, एवढंच नशीब.

ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. मैदानात उतरायला निदान नऊ महिने, म्हणजे या वेळची भरती गेली. रोज सकाळी खाटेवर ती पाय ताठ करून उचलते, आकडे आई मोजते. दर रविवारी आई शिवणाचा टेप काढून दोन्ही मांड्या मोजते आणि कॅलेंडरवर लिहिते. परवाच्या रविवारी फरक दीड सेंटिमीटर होता.