निकालाआधीचा 'बोर्डातून बोलतोय' हा फोन : पालक कसे फसतात आणि पैसे गेल्यावर काय करावं

दहावी-बारावीच्या परीक्षा मार्चमध्ये आटोपतात आणि निकाल लागतो मे महिन्यात. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मेला लागला, दहावीचा १३ मेला. त्याच्या आदल्या वर्षी हेच निकाल २१ आणि २७ मेला लागले होते. तारीख अशी मागेपुढे होत राहते. राज्य शिक्षण मंडळ ती अगदी शेवटी जाहीर करतं आणि तोवर 'उद्या दुपारी एक वाजता नक्की' असे निरोप रोज फिरतात. मूल गप्प, आई देवापाशी, वडील कामावर असूनही नसल्यासारखे. 'बोर्डातून बोलतोय, मार्क वाढवून देतो' म्हणत पैसे मागणारा फोन येतो तो नेमका याच दिवसांत, आणि बहुतेक वेळा वडिलांना कामाच्या वेळी येतो, म्हणजे शेजारी विचारायला घरचं कुणी नसतं.

सुरुवात विश्वास बसेल अशीच असते. समोरचा मुलाचं पूर्ण नाव, बैठक क्रमांक, आईचं नाव आणि शाळा बिनचूक सांगतो. "मी बोर्डातून बोलतोय. मुलगा बाकी सगळ्यात चांगला आहे, गणित भाग दोनमध्ये अडकतोय. तीन-चार मार्कांचाच प्रश्न आहे. यादी आज संध्याकाळी लॉक होतेय, त्याआधी काही करायचं असेल तर सांगा." मग दोन अटी येतात. मुलाला सांगू नका, उगाच टेन्शन घेईल. शाळेत तर अजिबात विचारू नका, माझी नोकरी जाईल. शेवटी रक्कम येते आणि ती मुद्दाम अशी असते की बाप कुणाला न विचारता, एटीएमपर्यंतही न जाता, जागच्या जागी मोबाईलवरून पाठवू शकेल.

या फोनमधली प्रत्येक गोष्ट ठरवून केलेली असते. गणिताचंच नाव घेतात, कारण गणिताची धास्ती जवळपास प्रत्येक घरात असते. 'तीन-चार मार्क' म्हणतात, कारण तेवढ्यावरून वर्ष जाणं कुठल्याही आईबापाला सहन होत नाही. 'संध्याकाळपर्यंत' म्हणतात, कारण रात्री नवरा-बायको बोलायला बसले की हा व्यवहार होत नाही. आणि मुलाला सांगू नका म्हणतात, कारण मुलगा एका वाक्यात म्हणाला असता, "बाबा, गणित भाग दोन मला सगळ्यात सोपा गेला होता."

मग बैठक क्रमांक त्याच्याकडे आला कुठून? त्यासाठी बोर्डात माणूस लागत नाही. हॉल तिकिटावर नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक, केंद्र, विषय सगळं छापलेलं असतं आणि त्याचे फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, 'ऑल द बेस्ट'च्या स्टेटसवर, झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर पडून असतात. करिअर मेळाव्याच्या दारात भरलेला फॉर्म, क्लासच्या मोफत सेमिनारची नोंदणी, मॉलमधलं लकी ड्रॉचं कुपन, यांतून पालकांचा मोबाईल नंबर मिळतो. ही माहिती याद्यांच्या रूपात विकली जाते. तेव्हा समोरच्याने बैठक क्रमांक बरोबर सांगितला, यावरून एवढंच कळतं की त्याच्याकडे यादी आहे.

त्याला काय माहीत नसतं, हे त्याहून महत्त्वाचं. मुलाने पेपर कसा लिहिला ते त्याला ठाऊक नसतं आणि उत्तरपत्रिकेपर्यंत त्याचा हात पोचत नाही. परीक्षा केंद्रावर उत्तरपत्रिकेला बारकोड लागतो आणि बैठक क्रमांक झाकला जातो. ती परीक्षकाकडे जाते तेव्हा कुणाची आहे हे परीक्षकालाही कळत नाही. परीक्षकाने तपासलेल्यांपैकी काही उत्तरपत्रिका नियामक, म्हणजे परीक्षकावर देखरेख करणारा शिक्षक, पुन्हा पाहतो, त्याच्यावर मुख्य नियामक असतो, आणि मग गुण विभागीय मंडळाकडे जातात. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, अमरावती, लातूर, छत्रपती संभाजीनगर आणि कोकण अशी नऊ विभागीय मंडळं आहेत. तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण शाळा वेगळे पाठवते, तेही आधीच. नियमात बसणारे सवलतीचे गुण मंडळ स्वतःहून देतं, त्यासाठी कुणाला फोन करावा लागत नाही. खेळाडूंचे किंवा चित्रकलेचे वाढीव गुण हवे असतील तर त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. मे महिन्याच्या एका संध्याकाळी पैसे देऊन चार मार्क घालता येतील अशी जागा या साखळीत नाही.

मग एवढे लोक 'काम झालं' असं का समजतात? या प्रकरणातलं खरं मर्म इथे आहे. २०२५ मध्ये दहावीच्या नियमित विद्यार्थ्यांचा निकाल ९४.१० टक्के होता, बारावीचा ९१.८८ टक्के. म्हणजे काहीही न करता, नुसते पैसे घेऊन स्वस्थ बसलेल्या माणसाचं भाकीत दहापैकी नऊ घरांत खरं ठरतं. मूल स्वतःच्या अभ्यासावर पास होतं आणि बापाला आयुष्यभर वाटत राहतं की आपण पैसे दिले म्हणून झालं. आमच्या मते पैशांपेक्षा हे नुकसान मोठं आहे. त्या पोराच्या मेहनतीचं श्रेय चोराला जातं आणि घरात ते कुणी कधी उच्चारत नाही.

मोठ्या परीक्षांत हाच डाव मोठ्या रकमेवर खेळला जातो. जून २०२५ मध्ये सीबीआयने नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांच्या प्रकरणात महाराष्ट्रातल्या दोघांना अटक केली. ही परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या अधिकाऱ्यांशी ओळख आहे, गुण वाढवून देतो, असं सांगून एका विद्यार्थ्यामागे ९० लाख मागितले आणि नंतर घासाघीस होऊन आकडा साडेसत्याऐंशी लाखांवर आला, असा आरोप आहे. एनटीएच्या कुणा अधिकाऱ्याचा संबंध तपासात आढळला नाही, असं सीबीआयने तेव्हा सांगितलं. पद्धत समजून घेण्यासारखी आहे. निकालाआधी पुष्कळ पालकांकडून रक्कम घ्यायची. ज्यांची मुलं स्वतःच्या बळावर आली, त्यांचे पैसे ठेवून घ्यायचे. ज्यांची आली नाहीत, त्यांना 'या वेळी जमलं नाही' म्हणून परत करायचे. ज्याला पैसे परत मिळाले तो तक्रार करत नाही, उलट दुसऱ्याला सांगतो की माणूस सचोटीचा आहे. 'काम नाही झालं तर पैसे परत' हे वाक्य ऐकून पालक निर्धास्त होतात, आणि हा सगळा धंदा त्याच वाक्यावर उभा आहे.

दहावीच्या फोनमध्ये परतफेडीची वेळच येत नाही. पहिला हप्ता गेला की अर्ध्या तासात दुसरा फोन येतो की विज्ञानातही दोन मार्क कमी पडतायत. मग साहेबांचा वाटा, मग 'सर्व्हर चार्ज'. आणि पालक थांबला की सूर पालटतो. "तुम्ही लाच दिली आहे, रेकॉर्डिंग आहे, मुलाचा निकाल राखून ठेवू." निकाल राखून ठेवायचा अधिकार फक्त मंडळाचा आहे आणि त्याची रीतसर प्रक्रिया आहे. पण घाबरलेला माणूस या धमकीपायी पहिल्या वेळेपेक्षा जास्त देतो. पैसे ज्या खात्यात जातात त्याचं यूपीआय नाव नीट पाहिलं तर तिथे मंडळ दिसत नाही, कुणा व्यक्तीचं किंवा किराणा दुकानाचं नाव दिसतं. ही बहुधा भाड्याने घेतलेली खाती असतात आणि त्यांतून रक्कम काही मिनिटांत पुढे सरकते.

दुसरा प्रकार बोलण्याचा नाही, लिंकचा आहे. 'निकाल सगळ्यांच्या आधी पाहा' म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं, म्हणजे ती फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल असते. निकाल पाहायला कुठलंही ॲप टाकावं लागत नाही. बैठक क्रमांक आणि आईचं पहिलं नाव, बस. तेही मोफत, ठरलेल्या दिवशी दुपारी एकला, सगळ्यांना एकाच वेळी. डिजिलॉकर या सरकारी सेवेवरही गुणपत्रिका मिळते. ही फाइल उघडली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी भामट्याच्या हातात पडतो. संकेतस्थळाचा पत्ता नुसत्या शेपटीवरून ओळखू नका. मंडळाचं स्वतःचं संकेतस्थळ साध्या 'डॉट इन'वर संपतं आणि तसा पत्ता कुणीही विकत घेऊ शकतो. मंडळाच्या निवेदनात छापलेला किंवा शाळेने लिहून दिलेला पत्ता स्वतः टाइप करा, आलेल्या लिंकवर बोट ठेवू नका.

फाइल टाकली गेलीच असेल तर क्रम असा ठेवा : आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि सिम काढा, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवा, मग ते ॲप काढा. ते निघत नसेल तर सेटिंगमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन'मधली त्याची परवानगी आधी बंद करावी लागते. सिम परत घातल्यावर *#२१# लावून आपले कॉल दुसरीकडे वळवलेत का ते पाहा. वळवले असतील तर ##००२# ने ते रद्द होतात. फोन पूर्ण रीसेट केल्याशिवाय त्यावर पुन्हा बँकेचं ॲप उघडू नये, असं आम्ही आग्रहाने सांगू. पण रीसेटच्या आधी त्या मेसेजचे आणि फाइलच्या नावाचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा.

पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. उद्या सकाळी, घरी विचारून, असं नको. पैसा खात्याखात्यांतून पुढे सरकत असतो आणि तो जिथे सापडेल तिथेच गोठवता येतो. फोन करताना व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर (ओळख) क्रमांक, नेमकी वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी आणि ज्या नंबरवरून फोन आला तो, एवढं कागदावर लिहून बसा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करून पोचक्रमांक घ्या आणि बँकेलाही लेखी द्या. पुढे पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवताना भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड ही कलमं अशा प्रकरणांत लागतात. चॅट पुसू नका. शरमेने बहुतेक जण आधी चॅट पुसतात आणि पुरावा तिथेच संपतो.

इथे एक अवघड गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. गुण विकत घ्यायला पैसे देणं हेही चूक आहे आणि ते पालकाला आतून माहीत असतं, म्हणूनच तो तक्रारीला जात नाही. भामट्याचा भरवसा याच गप्प बसण्यावर असतो. तक्रार खरी लिहा, 'फी समजून भरले' असली गोष्ट रचू नका. खोटं पुढच्या जबाबात उघडं पडतं आणि तक्रार कमकुवत होते.

ज्या भीतीवर हे सगळं चालतं, ती म्हणजे 'वर्ष वाया जाईल'. ते आता पूर्वीसारखं नाही. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीत प्रवेश घेता येतो. पुरवणी परीक्षा जून-जुलैतच होते. गुण कमी पडले असं वाटलं तर निकालानंतर मंडळाकडे ऑनलाइन अर्ज करायची सोय आहे. २०२५ च्या निकालाला गुणपडताळणीचं शुल्क विषयामागे ५० रुपये होतं, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीचं ४०० आणि पुनर्मूल्यांकनाचं, म्हणजे पेपर पुन्हा तपासण्याचं, ३००. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि तपासायचं राहिलेलं उत्तर पाहतात. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. छायाप्रत हातात आली की विषयशिक्षकांसोबत बसा. प्रत्येक प्रश्नाला गुण पडलेत का, पुरवण्या सगळ्या जोडल्यात का, आतले गुण पहिल्या पानावर जसेच्या तसे उतरलेत का, हे पाहा. सापडली तर चूक इथे सापडते, आणि तीही निकाल लागल्यानंतरच.

निकालाची वाट पाहण्याच्या दिवसांत घरात एक बोलणं आधीच होऊ द्या. मुलाच्या देखत, शांतपणे : असा फोन कुणालाही आला तरी उत्तर एकच, "शाळेमार्फत कळवा", आणि फोन ठेवायचा. आजी-आजोबांनाही हे सांगा. हल्ली त्यांच्या फोनवरही यूपीआय असतं. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, 'मी नापासच होणार' असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो मुलांसाठी आहे तसाच आईबापांसाठीही आहे.

आणि एक फोन निकालाच्या दिवशी दुपारी येतो, घरात पेढे वाटायची गडबड चालू असताना. आईचं नाव आणि बैठक क्रमांक त्याच्याकडे असतोच, त्यामुळे निकाल त्यानेही पाहिलेला असतो. "बघा, केलं ना काम? उरलेले कधी पाठवताय?" आधी पैसे दिलेले असोत वा नसोत, या वेळी एक रुपयाही देऊ नका. तो नंबर आणि वेळ टिपून घ्या आणि १९३० च्या तक्रारीत जोडा.