जागा बदलल्यावर सर्व्हर सापडेना? लॅपटॉप, मॉनिटर की राऊटर, कशाला हात लावायचा

नौपाड्यातलं घर सोडून ऐरोलीला आलो तेव्हा बाकी सामान टेम्पोत गेलं. सर्व्हर मात्र मी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि कळवा-विटाव्यावरून रिक्षाने आणला. घरचे सगळे फोटो, बाबांच्या सोसायटीचे हिशेब आणि ओळखीच्या दोन दुकानांचं टॅली, हे सगळं त्या एका डब्यात, प्रॉक्समॉक्सवर (एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतले कॉम्प्युटर, चालवणारी प्रणाली) चालतं. नव्या घरी वायफायवाला येऊन गेला, मी केबल जोडली, हिरवा दिवा लुकलुकायला लागला. ब्राउझरमध्ये नेहमीचा पत्ता टाकला, तर पान नुसतं फिरत राहिलं.

त्या क्षणी पोटात गोळा येतो, आणि नेमक्या त्याच घाबरण्यात लोक पेनड्राइव्ह काढून प्रॉक्समॉक्स नव्याने टाकायला बसतात. कृपा करून ते करू नका. इन्स्टॉलर तुम्ही निवडलेली डिस्क पुसतो, आणि छोट्या सेटअपमध्ये सगळ्या व्हर्च्युअल मशीन बहुतेकदा त्याच डिस्कवर असतात. सर्व्हर बिघडलेला नसतो, आतला डेटा जागेवर असतो. फक्त तो अजून स्वतःला जुन्या घरी राहत असल्याचं समजत असतो.

कारण साधं आहे. प्रॉक्समॉक्स टाकतानाच त्याला कायमचा पत्ता दिलेला असतो, समजा १९२.१६८.१.५०. नवा राऊटर घरात १९२.१६८.२९ ने सुरू होणारे पत्ते वाटतो. तुमच्या लॅपटॉपला तसा पत्ता मिळाला, की १९२.१६८.१.५० हा त्याला बाहेरगावचा वाटतो, म्हणून तो निरोप राऊटरकडे देतो आणि राऊटर तो बाहेर इंटरनेटकडे पाठवून देतो. सर्व्हर हातभर अंतरावर असतो आणि निरोप भलतीकडे जातो. राऊटरच्या यादीतही तो दिसत नाही, कारण त्याने राऊटरकडे पत्ता मागितलेलाच नसतो. यादीत नाही म्हणजे बंद पडला, असा अर्थ काढू नका.

पुढच्या कुठल्याही उपायाआधी मशीनच्या मागे जाऊन बघा. दोन लॅन पोर्ट असतील तर केबल पूर्वीच्याच पोर्टात आहे ना? ब्रिजला (सर्व्हर आणि आतल्या मशीनना लॅनशी जोडणारा प्रॉक्समॉक्सचा आतला पूल) सहसा एकच पोर्ट बांधलेला असतो. गोखले रोडवरून वागळे इस्टेटला हललेल्या एका ऑफिसातून मला २० तारखेला फोन आला, "अहो, टॅली उघडत नाहीये, आज जीएसटी रिटर्नचा शेवटचा दिवस आहे." त्यांनी जुना राऊटरही सोबत नेला होता, म्हणजे पत्ता बदलायचा प्रश्नच नव्हता. जाऊन मॉनिटर लावला, तर ब्रिज डाऊन. केबल शेजारच्या पोर्टात बसली होती. ती काढून बाजूला लावली, बाकी कशाला हातही लावला नाही.

लॅपटॉपने जुन्या वस्तीत जायचं

माझा पहिला कौल याला. साधी लॅन केबल घ्या, एक टोक लॅपटॉपला, दुसरं सर्व्हरला. मध्ये स्विच किंवा राऊटर असला तरी चालतं. लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाला हाताने पत्ता द्या: १९२.१६८.१.७७, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राऊटरचा पत्ता) रिकामा. आता लॅपटॉप आणि सर्व्हर एकाच गल्लीत आले, राऊटरची गरजच उरली नाही. ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून जुना पत्ता आणि ८००६ पोर्ट टाकला की लॉगिनचं पान समोर. ते दिसलं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून दोन मिनिटं नुसता बसलो होतो.

मोठा फायदा हा की कमांड टाइप कराव्या लागत नाहीत. डावीकडे नोड (म्हणजे तुमचा सर्व्हर) निवडून सिस्टिममध्ये जा. आधी होस्ट्समधला (मशीनचं नाव आणि पत्ता लिहिलेली फाइल) जुना पत्ता बदला, मग डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सोय) बघा, आणि सगळ्यात शेवटी नेटवर्कमध्ये ब्रिजचा पत्ता आणि गेटवे. क्रम असाच ठेवा, कारण ब्रिज बदलून ॲप्लाय दाबलं की तुमच्या पायाखालची फळी निघते, लॉगिन तुटतं. ते तुटणारच, घाबरू नका. ॲप्लाय दाबण्याआधी काय बदलणार आहे ते खाली दिसतं, तिथे एकेक आकडा वाचून घ्या. मग लॅपटॉप पुन्हा आपोआप पत्ता घेण्यावर ठेवा, नाहीतर थोड्या वेळाने इंटरनेट चालत नाही म्हणून वेगळीच शोधाशोध सुरू होते.

हा मार्ग कुठे अडतो? जुना पत्ता आठवत नसेल तिथे. ब्राउझरची हिस्टरी किंवा बुकमार्क उघडून ८००६ शोधा, बहुतेकदा तिथेच सापडतो. व्हीलॅन (एकाच केबलवर वेगळी केलेली नेटवर्कं) वापरत असाल तर सरळ केबल लावून उत्तर येणार नाही. आणि वायफायवरून करत असाल तर गेस्ट नेटवर्कवर नाही ना, हे बघा.

मॉनिटर आणि कीबोर्ड लावायचा

हा खात्रीचा, पण थोडा कष्टाचा. मॉनिटर नसेल तर हॉलमधला टीव्ही चालतो. एका मित्राच्या खारघरच्या घरी आम्ही तेच केलं. त्याच्या आईने मालिका थांबवून जागा दिली आणि काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं ती आमच्यासोबत वाचत बसली. "हा जुन्या घरचा नंबर ना?" असं तिनेच आधी विचारलं.

तिचं बरोबर होतं. प्रॉक्समॉक्स सुरू झाला की पडद्यावर स्वतःचा पत्ता लिहून दाखवतो, पण तो पत्ता होस्ट्स फाइलमधून उचललेला असतो, नेटवर्क कार्डावरून नाही. त्यामुळे नुसती इंटरफेसेसची फाइल बदलली आणि होस्ट्स विसरलात, तर पडद्यावर जुनाच पत्ता झळकत राहतो आणि माणूस तासभर चुकीच्या दारावर थापा मारतो. रूट म्हणून लॉगिन करा (पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ते तसंच असतं). ईटीसीमधल्या नेटवर्क फोल्डरातली इंटरफेसेस फाइल नॅनोमध्ये (साधा टेक्स्ट एडिटर) उघडा, ब्रिजखालच्या ॲड्रेस आणि गेटवे या दोन ओळी बदला, ॲड्रेसपुढचा तिरकी रेघ आणि २४ हा भाग तसाच राहू द्या. मग होस्ट्स फाइल. शेवटी मशीन रीस्टार्ट करा.

लॅपटॉपच्या मार्गाला न दिसणारी गोष्ट इथे दिसते. मशीन उघडून ग्राफिक्स कार्ड किंवा डिस्क वेगळ्या स्लॉटमध्ये बसवली असेल, तर लॅन पोर्टचं नावच बदललेलं असू शकतं. ब्रिज जुन्या नावाच्या पोर्टची वाट बघत बसतो. अशा वेळी पत्ता कितीही बरोबर लिहा, सर्व्हर बोलणार नाही, फाइलमध्ये नवं नाव लिहावं लागतं. पत्ता आठवत नसेल, दुसरा पोर्ट वापरला असेल, मशीन उघडलं असेल, यातलं एकही लागू असेल तर लॅपटॉपवर वेळ न घालवता थेट मॉनिटर लावा. फक्त प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल, किंवा ग्राफिक्स कार्ड एखाद्या व्हर्च्युअल मशीनला देऊन टाकलं असेल, तर पडदा काळाच राहील. तिथे लॅपटॉपच बरा.

ईएसएक्सआय (व्हीएमवेअरची अशीच प्रणाली) वापरणाऱ्यांना हाच मार्ग सगळ्यात सोपा. पिवळ्या-करड्या पडद्यावर एफ २ दाबायचं, मॅनेजमेंट नेटवर्कमध्ये पत्ता बदलायचा, झालं.

राऊटरलाच जुना पत्ता द्यायचा

सर्व्हरला न हलवता घरच त्याच्यासाठी बदलायचं. नव्या राऊटरच्या लॅन सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ करायचा. सर्व्हर, आतल्या कायमच्या पत्त्याच्या सगळ्या मशीन, प्रिंटर, कॅमेरे, सगळे एका दमात परत येतात. ऑफिसात १० कॉम्प्युटरवर टॅलीचा पत्ता हाताने लिहिलेला असेल, तर माझं मत सरळ याला. आणि दोन-तीन प्रॉक्समॉक्स जोडून क्लस्टर केलेला असेल तर दुसरं काही करूच नका. क्लस्टरमध्ये सगळ्यांचे पत्ते कोरोसिंकच्या (क्लस्टरमधल्या मशीनना एकमेकांशी बांधून ठेवणारा प्रोग्राम) फाइलमध्येही असतात. एकेकाचा पत्ता बदलायला गेलात आणि बहुमत (निम्म्याहून जास्त मशीनचा एकमेकांशी संपर्क) तुटलं, तर ती फाइल लिहिताही येत नाही. नवखा माणूस त्यात फार वाईट अडकतो.

अडचण एवढीच की राऊटर तुमचा असायला हवा. शेअर्ड ऑफिसात तो मालकाचा असतो, त्याला हात लावलात तर शेजारच्यांचंही नेट जाईल. काही ठिकाणी वायफायवाल्याच्या राऊटरचा पासवर्डच मिळत नाही. तिथे आपला छोटा राऊटर त्यांच्या राऊटरमागे लावायचा आणि आपलं जुनं नेटवर्क त्याच्या आत ठेवायचं. बाहेरून सर्व्हरवर यायचं असेल तर दोन दारं ओलांडावी लागतात, तेवढं गुंतागुंतीचं होतं. आणि पुढच्या आणि मागच्या राऊटरचे पत्ते एकाच मालिकेतले नसावेत, नाहीतर दोन्ही गोंधळतात.

"माझ्याकडे टेलस्केल आहे, मी आत जाईन," असं बरेच जण म्हणतात. टेलस्केल (बाहेरून आपल्या मशीनशी जोडून देणारं व्हीपीएन) सर्व्हरवरच टाकलेलं असेल तर उपयोग नाही, कारण त्या सर्व्हरचा गेटवे जुन्या घरचा आहे, त्याला स्वतःलाच इंटरनेट मिळत नाही. पण आतल्या एखाद्या व्हर्च्युअल मशीनला पत्ता आपोआप घेण्यावर ठेवलं असेल आणि ती सर्व्हरबरोबर सुरू होत असेल, तर तिला नव्या राऊटरकडून व्यवस्थित पत्ता मिळतो. तिच्यात शिरा, तिच्या कार्डाला जुन्या मालिकेतला आणखी एक पत्ता द्या, आणि आतूनच सर्व्हरवर लॉगिन करा. गावाला असताना घरच्यांनी राऊटर बदलला, तर हाच एक धागा हातात उरतो. यासाठी मी आता एक छोटा कंटेनर (व्हर्च्युअल मशीनचाच हलका प्रकार) कायम चालू ठेवतो.

माझी निवड कशावर ठरली ते सांगतो. स्वतःचं घर किंवा पक्कं ऑफिस असेल तर सर्व्हरचा पत्ता एकदाच बदलून मोकळं व्हावं, लॅपटॉपने किंवा मॉनिटरने. मी मात्र भाड्याने राहतो, ११ महिन्यांचा करार. दर वेळी होस्ट्स आणि इंटरफेसेस उघडत बसायची माझी तयारी नाही. म्हणून लॅपटॉपने आत गेल्यावर सर्व्हरला १९२.१६८.७३.५० दिला, ही मालिका कुठल्या वायफायवाल्याच्या डब्याशी टक्कर घेण्याची शक्यता कमी. स्वतःचा राऊटर घेतला, त्याला ७३.१ दिला, आणि सर्व्हर, प्रिंटर, कॅमेरा त्याच्यामागे लावले. कॅबिनेटवर पत्ता, गेटवे आणि योग्य पोर्टावर बाण, असा एक स्टिकर चिकटवलाय. करार संपला की त्या राऊटरची एक केबल पुढच्या घरच्या डब्यात लावायची, तेवढंच काम उरलंय.